पाकिटावर जेवढं दिसतं

मुकुटबनच्या बसस्टॉपवरून झरीच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला तिसरं दुकान ममता नगराळेचं. पाटीवर 'ममता ऑनलाइन सेंटर' आणि त्याखाली मावतील तेवढ्या सेवा: सातबारा, जातीचा दाखला, पीकविमा, आधार, पॅन, लॅमिनेशन. शेवटी जागा उरली म्हणून रंगाऱ्याने आपल्या मनाने 'इत्यादी' घातलं. ममताचं खरं काम त्या इत्यादीतच येतं. कोणाच्या जावयाला कोर्टाचा कागद आला तो वाचून सांगायचा. कोणाच्या मोबाइलवर भलतंच बटण दाबलं गेलं ते निस्तरायचं. एखाद्या पोरीचा निकाल बापासमोर उघडायचा की बाप पान खायला गेल्यावर, हे चेहरे पाहून ठरवायचं. याचं शिक्षण कुठल्या कॉलेजात मिळत नाही.

ममता अडतीस वर्षांची. लग्न होऊन वर्धेकडे गेली होती, दोन वर्षांत परत आली. का आली हे गावाने बरंच खोदून पाहिलं. हाताला माती लागली, बाकी काही नाही. शेवटी गावानेच समजूत घालून घेतली की ही पोटाची पक्की आहे, बापावर गेली.

बाप म्हणजे उकंडा नगराळे. मुकुटबनच्या डाकघरात चाळीस वर्षं डाकवाला होता. सायकल, खाकी झोळी, आणि जंगलाच्या बाजूला कोलाम आदिवासींच्या पोडांपर्यंतची, म्हणजे वस्त्यांपर्यंतची वाट. त्या काळात पत्र नुसतं देऊन भागत नसे, वाचूनही दाखवावं लागे. कोणाची लेक नांदत नाही, कोणाचा भाऊ हैदराबादेत गेला, कोणाची सोयरीक मोडली, हे सगळं त्या त्या घराने पहिल्यांदा उकंडाच्या तोंडून ऐकलं. पण एका घरचं दुसऱ्या घरी कधी गेलं नाही. तो रिटायर झाला त्या दिवशी डाकघरासमोर मांडव घातला होता. तीन वक्त्यांनी एकच वाक्य म्हटलं, 'उकंडानं कोणाचं पाकीट फोडलं नाही.' लोकांनी टाळ्या वाजवल्या. उकंडा त्या दिवशी जेवला नाही. पोट बिघडलं म्हणाला.

आता तो चौऱ्याहत्तरचा आहे. ममताच्या दुकानात कोपऱ्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसतो, प्रिंटरमधून निघालेले कागद सारखे करतो आणि पिना मारतो. कामात चूक नाही. एक विक्षिप्तपणा मात्र आहे. बाजाराच्या दिवशी रामीबाई आली की तो उठून मागे जातो आणि ती जाईपर्यंत चहाच करत बसतो.

रामीबाई ही पोडावरची कोलाम म्हातारी. राशनकार्डाच्या केवायसीसाठी ती गेल्या वर्षापासून दर बाजाराला येते, कारण मशीन तिचा अंगठा घेत नाही. सारं आयुष्य मोहफुलं वेचण्यात, डिंक काढण्यात आणि दगड उचलण्यात गेलं. बोटावरच्या रेघा कधीच झिजून गेल्या. ममता बोटं ओल्या फडक्याने पुसते, तेल लावून पाहते, दहाही बोटं एकेक करून टेकवते. मशीन लाल दिवा दाखवतं. "पुढल्या बाजारी पाहू," असं म्हणून रामीबाई उठते. तिच्यात न चिडण्याची एक ताकद आहे, ती ममताला कधी जमली नाही.

आता ममताची एक सवय सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळेच घडलं.

मुकुटबनात माणसं ईमेल काढतात ती पत्र लिहायला नाही. फॉर्ममध्ये तो रकाना असतो म्हणून काढतात. काढलं की दाराबाहेर पडेपर्यंत पासवर्ड विसरतात. मग ऐन शेवटच्या तारखेला धावत येतात, "ममता, उघडत नाही वो." म्हणून ममताने दोन उपाय शोधले होते. एक, सगळ्यांचे पासवर्ड एका वहीत लिहून ठेवायचे. दोन, खातं काढताना पासवर्ड विसरल्यास दुसरा पत्ता विचारतात, तिथे स्वतःचाच पत्ता टाकायचा. खातं अडलं की कोड ममताच्या मेलवर येतो, माणूस मोकळा होतो. तालुक्यातल्या बऱ्याच सेंटरांत असंच चालतं. कोणाला त्यात वावगं वाटलं नाही, उलट लोक दुवा देत.

गेल्या वर्षी मार्चमध्ये एका दुपारी प्रेरणा आली. माहेर मारेगावचं, नर्सिंग केलेली, सव्वीस वर्षांची. झरीच्या बाजूला मुलींची एक खासगी निवासी शाळा आहे, तिथल्या आजारीखोलीत नोकरीला. दुकान रिकामं होईपर्यंत ती लॅमिनेशनचे नमुने पाहत उभी राहिली. मग म्हणाली, "ममताताई, असा मेल काढून देता का, जो कोणालेच वाचता येणार नाही?"

"मग पाठवतं कायले?" ममता हसली.

प्रेरणा हसली नाही. "ज्याले पाठवीन त्यानं वाचावं. मधातल्यानं नाही."

नागपूरच्या होस्टेलमधल्या मैत्रिणीने तिला एका परदेशी कंपनीचं नाव सांगितलं होतं. ममताने ते आधी कधी ऐकलं नव्हतं, पण न कळणाऱ्या गोष्टीपुढे हात टेकणं तिच्या स्वभावात नाही. मोबाइलवर भाषांतर करत करत तिने त्या कंपनीची पानं वाचून काढली. मग प्रेरणाला सांगायला लागली तेव्हा उकंडाही पिना मारायचा थांबून ऐकू लागला.

नेहमीच्या मेलमध्ये किल्ली कंपनीजवळ असते. कोर्टाचा कागद आला की ती पेटी उघडते आणि पत्रं काढून देते. या कंपनीत पत्र आपल्या हातूनच कुलूप लागून निघतं आणि किल्ली आपल्या पासवर्डातून तयार होते. कंपनीच्या गोदामात नुसत्या बंद पेट्या. कोर्टाने मागितलं तर ती पेटी देईल, किल्ली कुठून देणार?

"म्हणजे डाकवाल्यालेच वाचता येत नाही," उकंडा म्हणाला.

"नाही बाबा."

"आन पाकिटावरचं?"

"पाकिटावरचं दिसते थोडंबहुत. खातं कधी काढलं, असं काही."

 उकंडा नुसताच पिनांचा डबा हलवत राहिला.

पासवर्ड घालायची वेळ आली तेव्हा ममताने की-बोर्ड प्रेरणाकडे सरकवला आणि तोंड फिरवून भिंतीवरच्या कॅलेंडराकडे पाहत बसली. वहीत लिहिण्याचा प्रश्नच नव्हता. एवढी काळजी घेतली. मग की-बोर्ड परत आपल्याकडे ओढला. पडद्यावर पुढचा रकाना होता: खातं परत मिळवण्यासाठी दुसरा पत्ता. शेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतं की हे भरणं सक्तीचं नाही. ममताचा हात आपोआप चालला. जो पत्ता ती दिवसातून दहा वेळा टाकत होती, तो टाकला आणि 'पुढे' दाबलं. त्या क्षणी तिच्या डोक्यात काहीसुद्धा नव्हतं. हे इथे नोंदवून ठेवलेलं बरं, कारण नंतर तिला तीन वेळा विचारलं गेलं की यामागे तुमचा हेतू काय होता.

प्रेरणाने काय पाठवलं ते ममताने विचारलं नाही. महिन्याभराने गावातच कळलं. शाळेच्या आजारीखोलीतली औषधं तारीख उलटलेली होती, बाटल्यांवरच्या तारखा ब्लेडने खरवडल्या होत्या, आणि तीच औषधं तापाने फणफणलेल्या मुलींना पाजत होते. याचे सहा फोटो जिल्ह्यातल्या साहेबांना कोणीतरी निनावी मेलने पाठवले. चौकशी आली. चौकशी येणार हे शाळेला आदल्या दिवशीच कळलं होतं, त्यामुळे कपाट धुऊनपुसून लख्ख होतं. मग संस्थेने पोलिसांत तक्रार दिली: फोटो बनावट आहेत, संस्थेला बदनाम करण्याचा डाव आहे, करणाऱ्याला शोधा.

ऑक्टोबरात यवतमाळहून फौजदार आले. नाव राजदीप, काम सायबरचं, वय तिशीच्या आतबाहेर. चहा बिनसाखरेचा मागितला. मग एक कागद टेबलावर ठेवून म्हणाले, "हा मेलपत्ता तुमचा?"

तिचाच होता. बाहेर पाटीवरही रंगवलेला होता.

"पाच महिने लागले, ताई," राजदीप म्हणाले. "इथलं कोर्ट, दिल्ली, मग त्यांच्या देशाचं न्यायखातं, मग त्यांचं कोर्ट. आणि उत्तर आलं चार ओळींचं." त्यांनी वाचून दाखवलं. पत्रं आम्हाला उघडता येत नाहीत, किल्ली आमच्याजवळ नाही. खातं अमुक तारखेला निघालं. खातेदाराने दिलेला दुसरा पत्ता हा. याशिवाय आमच्याकडे काही नाही. "खोटं बोलत नाहीत ते. खरंच नसतं त्यांच्याकडे. हा पत्ता टाकला नसता तर मी आज इथे नसतो. आणि टाकणं सक्तीचंही नव्हतं."

ममताला भीती नंतर वाटली. आधी लाज वाटली, आणि ती इतकी की तिला फौजदाराकडे मान वर करून पाहवेना. जगातल्या एका कंपनीने एवढा खटाटोप करून कुलूप बनवलं, आणि हिने दारावर आपल्या हाताने नाव लिहून ठेवलं.

राजदीपनी विचारलं, "असा तुमचा पत्ता किती लोकांच्या खात्यात आहे?"

"मोजले नाहीत."

"अंदाजे?"

"अर्धं मुकुटबन. पोडावरचे जवळजवळ सगळे."

फौजदार हसले. मग वही मागितली. ममताने दिली. त्या तारखेला दोनच नावं होती, दोन्ही पीकविम्याची. राजदीपनी मागची-पुढची पानं चाळली आणि त्यांचं हसू गेलं. "ताई, हे असं लिहून ठेवू नका हो. पोलीस म्हणून नाही, माणूस म्हणून सांगतो." वही मिटून त्यांनी परत दिली. "मग हे खातं कोणाचं?"

ममताने वही खणात ठेवली.

"आठवत नसेल तर तसं लिहून द्या. मग मला ज्यांच्या खात्यात तुमचा पत्ता आहे त्या सगळ्यांना एकेक करून बोलवावं लागेल."

म्हणजे तीही वाट सरळ नव्हती. आठवत नाही म्हटलं की सारं पोड यवतमाळच्या बाकड्यावर जाऊन बसणार. राजदीपनी नोटीस दिली, पंधरा दिवसांची. नाव द्यावं. नाही दिलं तर पत्ता तुमचा म्हणून खातंही तुमचंच धरावं लागेल आणि गुन्ह्यात तुमचं नाव येईल. जाताना ते पायरीवर थांबले. "केस लागली की तुमच्या सेंटरचा आयडी बंद होतो. ते माझ्या हातात नाही." आयडी म्हणजे ज्या नंबरावर दुकानातली सगळी सरकारी कामं उघडतात तो. तो गेला की उरतं लॅमिनेशन.

फोनवर बोलण्यात अर्थ नव्हता. बाजाराच्या दिवशी प्रेरणा भाजी घ्यायला येते, तेव्हा ममताने तिला वांग्याच्या ढिगापाशी गाठलं आणि आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. "माह्या हातानं चूक झाली. तू बसून होती तरी माह्या ध्यानात आलं नाही."

प्रेरणा वांगी निवडत होती. हातातलं वांगं तिने परत ठेवलं. "मी तुमच्याकडे विश्वासानं आलते."

"हो."

"सांगणार का तुम्ही?"

खोटा दिलासा देणं ममताला सोपं होतं. पण ते तिने केलं नाही. "अजून ठरवलं नाही," ती म्हणाली.

प्रेरणाचे डोळे भरून आले, पण आवाज कडकच राहिला. "नोकरी गेली त जाऊ द्या. दुसरी भेटन. पण आता कपाटात नवीन बाटल्या आल्या, त्याच्या तारखा मी रोज पाहतो. मी गेली त पाहणारं कोणी राहत नाही तिथं. एवढंच ध्यानात ठेवा." पिशवी उचलून ती भाजी न घेताच गेली. ममता तिथेच उभी राहिली. वांगीवाली म्हणाली, घ्यायचं नसंल त बाजूले सरा बाई.

चार दिवसांनी कमलाकर बाबू आले. शाळेच्या ऑफिसचे हे मुख्य. पांढरा सदरा, बोलणं मऊ, घराण्यात तीन पिढ्या कारकुनी. त्यांना पाहून वाईट माणूस आला असं कोणी म्हणणार नाही, आणि खरं तर ते वाईट नव्हतेही. नोकरी करत होते. उकंडाला त्यांनी वाकून नमस्कार केला.

"ममताबाई, आम्हाला ती पत्रं नकोत. त्यात काय आहे ते आम्हाला ठाऊकच आहे. तुम्ही कोणाचं गुपित फोडा असंही आमचं म्हणणं नाही. फक्त नाव सांगा. आजारीखोलीत दहा जणांची ये-जा, त्यातलं कोणी पाठवलं, तेवढंच."

ममता कागद सारखे करत राहिली.

"पुढच्या वर्षीपासून शाळेचे सगळे फॉर्म तुमच्याचकडे. अध्यक्षांनी स्वतः सांगितलं. आणि सव्वीस जानेवारीला तुम्ही यायचं. मागे नाही, मंचावर. खुर्ची राखून ठेवू."

"पाहतो," ममता म्हणाली. ती खरंच पाहत होती. दुकानावर दोन माणसांचं घर चालत होतं, आणि बाप चौऱ्याहत्तरचा. ती काही संत नव्हती. नाव सांगितलं असतं तर गावाने तिला दोषही दिला नसता. पोलिसांनीच विचारलं म्हटल्यावर कोण काय बोलणार?

कमलाकर बाबू गेले आणि उकंडाने पिनांचं मशीन खाली ठेवलं. "का म्हणे तो?"

"ऐकलं नाही का तुम्ही?"

"ऐकलं. पुन्हा सांग."

"फक्त नाव सांगा, म्हणे."

"नाकेदारानंबी हेच म्हटलं होतं," उकंडा म्हणाला.

ममताने दुकानाचं शटर अर्धं ओढलं. ऊन अजून रस्त्यावर होतं. जे बापाने तिच्या आईलाही सांगितलं नव्हतं ते त्याने त्या अर्ध्या शटरमागे बसून सांगितलं, आणि सांगताना एकदाही तिच्याकडे पाहिलं नाही.

छत्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. राखीव जंगलातलं सागवान रातोरात जात होतं आणि नेणारा दुसरातिसरा कोणी नसून जंगल राखणारा नाकेदारच होता. पोडावरच्या आयतूने पांढरकवड्याला जंगलखात्याच्या मोठ्या साहेबाला चिठ्ठी पाठवली. आयतूला लिहिता येत नव्हतं, गावातल्या शाळेच्या मास्तराने लिहून दिली. सही नव्हती. आयतूने पाकीट पेटीत टाकलं नाही, पोडावर आलेल्या उकंडाच्या हातात दिलं. उकंडाने नेलं, शिक्का मारला, पाठवलं. महिन्याने नाकेदाराने त्याला आपल्या क्वार्टरवर बोलावलं. म्हणाला, चिठ्ठीत काय आहे ते मला वरून कळलं आहे, ते मला नको. फक्त कोणी टाकली ते सांग.

"मंग?"

"सांगतलं मी."

"काहून, बाबा? भेव घातला का त्यानं?"

"भेव घातला असता त कदाचित नसतं सांगतलं." उकंडाने पिनांच्या डब्याचं झाकण लावलं. "त्यानं खुर्ची देल्ली मले. त्या ओसरीवर आपल्या माणसाले कोणी बसवत नव्हतं, ममता. मी दहा वर्षं त्याचं टपाल पायरीवर उभा राहून देत होतो. त्या दिवशी म्हणे, बस उकंडाजी. चहा आणला. कपात, आमच्यासाठी वेगळ्या ठेवलेल्या कपात नाही, त्याच्या घरच्या. चहा पिता पिता सांगून टाकलं. पाकीट नाही फोडलं मी. लोक म्हणतेत ते खरं हाय. पाकिटाच्या बाहेरचं जेवढं होतं तेवढंच सांगतलं."

आठ दिवसांत आयतूवर सागवान तोडल्याची केस लागली. तो रात्रीतून आदिलाबादकडे निघून गेला. परत आला नाही. जिवंत आहे की मेला, कोणालाच ठाऊक नाही. त्याची बायको मागे राहिली.

ती बायको कोण, हे ममताने विचारलं नाही. खुर्चीवरून उठून मागे चहा करायला जाणारा बाप तिने वर्षभर दर बाजाराला पाहिला होता. तिला त्याचा राग आला, खूप आला. लहानपणापासून ज्याच्या नावाने टाळ्या ऐकल्या, तो माणूस समोर पिनांचा डबा घेऊन बसला होता आणि त्याची मान खाली होती. राग गेला नाही, पण ती उठली आणि त्याच्यासाठी पाणी आणलं.

नोटिशीचं उत्तर तिने दुसऱ्या दिवशी टाइप केलं. तीन ओळी. पत्ता माझा आहे. खातं माझ्या हाताने, माझ्या दुकानात निघालं. कोणासाठी काढलं ते मी सांगणार नाही. खाली सही, तारीख आणि पूर्ण नाव. राजदीपनी उत्तर वाचून फोन केला, "ताई, 'सांगणार नाही' असं लिहू नका. 'सांगता येत नाही' लिहा, जरा बरं दिसतं."

"येते त सांगता," ममता म्हणाली. "पण सांगत नाही."

 ते म्हणाले, ठीक आहे, असंच लावतो.

डिसेंबरात गुन्ह्यात तिचं नाव चढलं आणि आयडी बंद झाला. कमलाकर बाबू पुन्हा आले नाहीत. सव्वीस जानेवारीचं निमंत्रणही नाही. प्रेरणा शाळेत अजून आहे, रोज बाटल्यांच्या तारखा पाहते. ती दुकानासमोरून जाते तेव्हा आत पाहत नाही, ममताही बाहेर पाहत नाही. असं काही ठरलेलं नव्हतं. आपसूक झालं.

रिकाम्या दुकानात ममताने एक काम काढलं. वही घेऊन ती एकेकाला बोलावते, त्याच्या खात्यातला आपला पत्ता काढायला लावते, पासवर्ड त्याच्या हाताने बदलायला लावते आणि ती ओळ वहीत काळी करते. लोक कुरकुरतात. "आन विसरलो त?" "विसरू नका," ममता सांगते. एवढी कडक ती आधी नव्हती.

जानेवारीतल्या एका बाजाराला रामीबाई आली. मशीनवर फडकं टाकलेलं होतं. "बंद हाय का?" तिने विचारलं.

"बंद आहे, माय. तुमचं आता वणीकडे करा लागन."

"पुढल्या बाजारी पाहू," रामीबाई सवयीने म्हणाली आणि वळली.

उकंडा उठला होता. पण तो मागे गेला नाही. त्याने आपली खुर्ची पुढे सरकवली. "बस, रामीबाई."

ती खुर्चीकडे पाहत राहिली. मग टेकली, काठावर. उकंडा तिच्यासमोर उभा राहिला, हात बांधून, तपासणीला साहेब आल्यावर उभा राहत असे तसा. "आयतूचं नाव नाकेदाराले मी सांगतलं होतं," तो म्हणाला. मांडवातल्या भाषणासारखी प्रस्तावना केली नाही. एकच वाक्य होतं आणि ते म्हणायला छत्तीस वर्षं लागली होती.

 ममताला वाटलं, रामीबाईला ऐकू आलं नाही. बाहेर एका हातगाडीवाल्याने भोंगा लावला होता, संत्रीवाला. तो पुढे जाईपर्यंत तिघेही तसेच होते.

"तू?" रामीबाई म्हणाली.

"मी."

"आमी त मास्तरले समजलो."

उकंडाने मान वर केली.

"चिठ्ठीतलं तिघांलेच मालूम. मी, माहा माणूस आन लिहून देणारा मास्तर. मंग दुसरं कोण असंल?" ती सावकाश बोलत होती, तांदूळ निवडावेत तसं एकेक वेगळं काढून. "साऱ्या पोडानं मास्तरच्या घरचं पाणी सोडलं. पोट्टे शाळेत धाडले नाही. दर दिवाळीले तो यायचा पोडावर, म्हणे रामी, मी नाही सांगतलं, लेकराची शपथ. मी दार लावून घेवो." तिने पदर सारखा केला. "मेला तवा मयतीले आमचं कोणी गेलं नाही. नागपुराहून नातलग येईलोक तसाच पडून होता."

उकंडाने टेबलाची कड धरली. हे त्याला माहीत नव्हतं. छत्तीस वर्षं तो एका माणसाचं ओझं वाहत होता. आता कळलं की दोन होती. त्याच गावात, दोन गल्ल्या पलीकडे, मास्तर खाली मान घालून जाताना त्याने हजारदा पाहिला होता आणि दर वेळी 'जय भीम, मास्तर' म्हणून सायकल पुढे काढली होती.

रामीबाई उठली. उकंडाला वाटलं ती आता निघून जाईल. ममतालाही तेच वाटलं. पण तिने ती खुर्ची पायाने त्याच्याकडे सरकवली.

"मास्तरची पोरगी शोभा मारेगावात देल्ली हाय. बस आन लिही तिले."

ममताने कोरा कागद काढला, मग पेन, मग एक पाकीट. उकंडा बसला. त्याने पेनाचं टोपण काढलं.

"काय लिहू?"

"तुले लिहिता येते. मले नाही येत," रामीबाई म्हणाली. "आन पाकिटावर तुह्यं नाव टाक. मोठ्या अक्षरात."